गेममधली कुठली गोष्ट तुम्हाला अजिबात पटली नाही? अनुभव सांगा

भाचा सुट्टीला आलाय. माझ्या जुन्या लॅपटॉपवर जीटीए व्हाइस सिटी हा गेम सापडला त्याला, खेळायला बसला आणि थोड्याच वेळात ओरडत आला, मामा हा माणूस पाण्यात पडला आणि मेलाच! आणि मला एकदम कॉलेजचे दिवस आठवले, कारण २००३-०४ च्या सुमाराला मी पण असाच ओरडलो होतो. चारी बाजूंनी समुद्र असलेलं शहर, हा टॉमी (गेमचा हिरो) बोटी चालवतो, हेलिकॉप्टर उडवतो, बंगला घेतो, पण गळ्याइतक्या पाण्यात गेला की खलास. आम्ही मालवणकडचे, आमच्याकडे पोरं शाळेत जायच्या आधी पोहायला शिकतात, त्यामुळे मला ते इतकं लागलं की काय सांगू. आणि गंमत म्हणजे तोच टॉमी रॉकेट लाँचर, बंदुका, करवत सगळं शर्टाच्या आत ठेवून फिरतो ते मला कधीच खटकलं नाही. दवाखान्यातून लगेच बरा होऊन बाहेर येतो तेही चाललं. पुढे त्याच मालिकेतल्या सॅन अँड्रियासमध्ये (२००४) पोहता यायला लागलं, श्वास किती वेळ धरता येतो ते पण सरावाने वाढायचं, तेव्हा मी पहिला तासभर नुसता पोहत होतो, मिशन बिशन काही नाही.

तर तुमचं सांगा. ग्राफिक्स वाईट होते वगैरे नको, ते त्या काळाचं होतं. एखादी अशी गोष्ट जिथे तुम्ही रंगून खेळत होता आणि गेम एकदम मनातून उतरला.

खारूताई
रोड रॅश, बाईक रेसचा गेम!!! ट्रक समोरून धडकतो, माणूस उडून लांब पडतो, उठतो आणि धावत धावत बाईककडे येतो. कपडे झटकत पण नाही. आम्ही भावंडं त्याच्या धावण्यावरच हसायचो

रात्रपाळी
मी स्टाफ नर्स आहे, ट्रॉमा वॉर्ड. लहान दीर पबजी खेळायचा (बंदी आली २०२० ला, मग २०२१ ला बीजीएमआय म्हणजे पबजीचीच भारतातली आवृत्ती आली तेव्हा परत सुरू) मी शेजारी बसून बघायचे. गोळ्या लागल्या, बसला कोपऱ्यात, फर्स्ट एड किट वापरलं, झाला उभा. वर एनर्जी ड्रिंक प्यायला की अजून बरा. त्यात एक बरं की फर्स्ट एडने पूर्ण भरत नाही, पाऊणच भरतं, पूर्ण हवं तर मेडकिट लागतं, तेवढा तरी विचार केलाय. पण मला बघवायचं नाही ते. आमच्याकडे गोळी लागलेला एक पेशंट आला होता त्याला नुसतं पलंगावर बसायला किती आठवडे लागले ते मी पाहिलंय. दीराला सांगितलं तर म्हणाला वहिनी मग गेम कोण खेळेल, सहा महिने पलंगावर बसायचं का. ते पण बरोबर आहे त्याचं. बरं ड्यूटी सुरू होतेय, नंतर वाचते

खारूताई
@रात्रपाळी ताई तुमच्या कामाला सलाम. आणि ते तव्याचं राहिलं, पाठीला लावलेल्या पॅनवर बंदुकीची गोळी अडते

बंड्या२२
तो तवा मला आईसाठी पाहिजे, आमच्याकडचे सगळे हँडल तुटलेत

चांदवडकर
माझी बहीण पुण्याला असते तिने मला स्टार्ड्यू व्हॅली (२०१६) घेऊन दिलं, म्हणाली दादा शेतीचा गेम आहे तुला आवडेल. आवडला खरंच, संध्याकाळी पंपावरून आल्यावर खेळतो. आता लोक म्हणतील चार दिवसात पार्सनिप (गाजरासारखं कंदमूळ) कसं येतं, बारा दिवसात फ्लॉवर कसा तयार होतो, आमच्याकडे लागणीपासून अडीच-तीन महिने जातात. ते मला चालतं, त्यांचा अख्खा हंगामच अठ्ठावीस दिवसांचा आहे मग पीक पण त्या मानाने पळणार, तो हिशोब बसतो. हंगाम बदलला की उभं पीक एका रात्रीत वाळून जातं ते पण मी मान्य केलं. पटलं नाही ते वेगळंच. संध्याकाळी माल विक्रीच्या पेटीत टाकायचा, सकाळी पैसे जमा. आणि भाव कायम तोच! मी मुद्दाम सगळं शेत एकाच पिकाचं लावून एका दिवशी सगळा माल ओतला, मला वाटलं आता तरी भाव पडेल. नाही पडला. एका रुपयाने पण नाही. आवक वाढली की भाव पडतो हे ज्याला माहीत नाही त्याने शेतीचा गेम बनवला असं त्या रात्री वाटलं, मग झोपताना वाटलं की नाही, त्याला माहीत असेल, त्याला लोकांना सुखाने झोपू द्यायचं असेल. तरी पण त्या दिवसापासून मी तिथे शेती म्हणून नाही खेळत, मासे पकडतो

कोडकरी
@चांदवडकर काय लिहिलंय दादा. दोनदा वाचलं

माणदेशी_मुलगी
चांदवडकर दादांचं वाचून माझं लिहिते. माझा मुलगा माइनक्राफ्ट खेळतो. झाडाचं खोड खालून तोडलं तरी वरचं झाड हवेत तसंच राहतं, पण वाळू मात्र खाली पडते, म्हणजे गुरुत्वाकर्षण वाळूला आहे झाडाला नाही. हे त्याने मला स्वतः दाखवलं हसून. मला जे टोचलं ते पाणी. दोन बाय दोन ठोकळ्यांचा खड्डा करायचा, समोरासमोरच्या कोपऱ्यात एकेक बादली पाणी ओतायचं, झाली विहीर. कितीही उपसा, संपतच नाही. त्याच्यासाठी ती एक ट्रिक आहे. मी लहानपणी टँकरच्या मागे हंडे घेऊन पळालेय, आमच्याकडे विहिरीत उतरून वाटीने पाणी भरायचे बायका. मी त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला आई मी तुझ्या गावाला पण अशी विहीर करतो. गेममध्ये त्याने माळरान करून एक गाव बांधलंय आता, मधोमध विहीर आहे. खोटी आहे मला माहिती आहे पण बघायला आवडते

रात्रपाळी
ब्रेकमध्ये वाचलं, डोळ्यात पाणी आलं

सह्यवेडी
झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७). मी क्लाइंबिंग करते, दोर लावून कडे चढतो आमचा ग्रुप. तर हा लिंक (गेमचा नायक) कुठलाही उभा कडा नुसत्या हातांनी चढतो, ठीक आहे, शक्तीचं चाक संपत आलं की पडतो म्हणजे दमणं तरी आहे. पण चाक संपायला आलं की कड्याला लटकलेला असताना मेनू उघडायचा, जगाचा वेळ थांबतो, शिजवलेला पदार्थ खायचा, परत ताजातवाना!! दोन्ही हात खडकावर आहेत बाबा, खातोस कशाने. उलट सगळे ज्याला शिव्या देतात ते मला सगळ्यात खरं वाटलं, पाऊस आला की हात निसटतात. लोक चिडतात की पावसामुळे चढता येत नाही, अहो ओल्या कातळावर जाऊन बघा एकदा. शेवाळलेल्या कातळांवरून हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने पावसाळ्यात जाणाऱ्यांनी तर बघाच आणि जाऊ नका प्लीज, दरवर्षी कुणीतरी अडकतं आणि मग रेस्क्यूवाली पोरं रात्री जातात

बंड्या२२
आयजीआय, तो एकट्याने शत्रूच्या तळात घुसायचा गेम. बास. एका खोलीतून किती माणसं निघावीत याला काही मर्यादा? अलार्म वाजला की त्या बराकीतून येतच राहतात येतच राहतात, आत एवढी माणसं झोपायची कुठे. आणि मिशनमध्ये मधे सेव्ह नाही. शेवटी येऊन मेलं की पहिल्यापासून. सायबर कॅफेत तासाचे पैसे संपायचे

मालवणी_मामा (धागा काढणारा)
@बंड्या२२ अगदी! दुसऱ्या भागात मोजके सेव्ह दिले तेव्हा केवढा आनंद. @सह्यवेडी पावसाचं पटलं

लेफ्टी
बंदुकीचं मॅगझिन. काउंटर स्ट्राइक १.६, अर्ध्या गोळ्या झाडून रीलोड केलं तर उरलेल्या गोळ्या आपोआप खिशातल्या साठ्यात जातात. चालू लढाईत कोण बसतंय एकेक गोळी काढून भरायला. हे मला एनसीसीत रायफल हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवलं, त्याआधी कधी डोक्यात पण आलं नव्हतं, आणि एकदा जाणवलं की प्रत्येक गेममध्ये तेच दिसायला लागलं. माफिया (२००२) मध्ये मात्र अर्धं मॅगझिन टाकलं की उरलेल्या गोळ्या गेल्याच. त्याच गेममध्ये सिग्नल तोडला, वेग वाढवला तर पोलीस मागे लागून दंड करतात. १९३० चं शहर, गाड्या चढावर धापा टाकतात. माझा आजवरचा सगळ्यात लाडका गेम

खारूताई
माफियातली ती रेस!!! आठवण नको काढू रे

लेफ्टी
ती रेस जिंकलेला माणूस आयुष्यात काहीही करू शकतो

कोडकरी
मी या लाईनमध्ये काम करतो, मोबाईल गेम्स, म्हणून दुसरी बाजू मांडतो. तुम्ही ज्याला खोटं म्हणताय त्यातलं बरंच मुद्दाम केलेलं असतं आणि नसतं तर तुम्हाला गेम अन्यायी वाटला असता. उडी मारायच्या गेममध्ये कडा संपल्यावर सुद्धा क्षणभर हवेत उडी मारता येते, ते काढलं की खेळणारा म्हणतो मी बटण दाबलं होतं! २०१७ मध्ये एका डिझायनर बाईंनी ट्विटरवर विचारलं होतं की खेळणाऱ्यांपासून काय काय लपवता, तेव्हा बनवणाऱ्यांनीच सांगितलं की बायोशॉकमध्ये शत्रूची पहिली गोळी तुम्हाला लागतच नाही, आणि डूममध्ये जीवनाच्या पट्टीचा शेवटचा तुकडा दिसतो त्यापेक्षा जास्त टिकतो, म्हणजे थोडक्यात वाचलो असं वाटावं. रेसिडेंट ईव्हिलमध्ये (१९९६) प्रत्येक दार हळूहळू उघडताना दाखवायचे ते डिस्कवरून पुढची खोली लोड होईपर्यंत वेळ काढायला. आम्हाला वाटायचं भीती दाखवतायत. वाटायचीच भीती, काम दोन्ही झालं.

नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड (२००५) ही कार रेस मात्र मी पण माफ करणार नाही. अख्खी रेस न धडकता चालवली तरी मागचा रबराने बांधल्यासारखा चिकटून, आणि आपण ट्रकला धडकलो की तो पण पुढे जाऊन हळू होणार. ती मदत इतकी उघडी दिसते की जिंकल्याचं समाधानच जातं

पेठेतला_पाव्हणा
@कोडकरी पहिली गोळी चुकते ते मला कळलंच नव्हतं म्हणून ते चाललं. माझा त्रास वेगळा आहे. गेमने स्वतःच एक नियम सांगायचा आणि स्वतःच मोडायचा. फायनल फँटसी सेव्हन (१९९७), ज्यांनी खेळला नाही त्यांनी पुढचं वाचू नका. लढाईत कुणी पडलं की फिनिक्स डाउन (पडलेल्याला उठवायची वस्तू) टाकायचं, उठतो. माझ्याकडे पिशवी भरून होती. आणि आपल्याच टीममधली एरिथ गोष्टीत मेली तेव्हा कुणी एकाने पण पिशवीत हात घातला नाही. मी नववीत होतो, मी बटणं दाबत होतो, मेनू उघडेना. रडलो खूप आणि रागावलो पण. आज पण मला वाटतं तिथे एक वाक्य पाहिजे होतं की यावेळी चालणार नाही. अजगर उडवा, जादू करा, माझी तक्रार नाही. पण एवढीशी कुंपणाची काठी ओलांडता येत नाही म्हणून अर्ध्या जंगलाला वळसा घालायला लावतात तेव्हा मी बंद करतो. विचर थ्रीमध्ये (२०१५) राक्षस मारणारा माणूस घराच्या माडीवरून उतरताना मरतो

सह्यवेडी
आणि त्याची लेक संकटात आहे, सगळे सांगतायत लवकर जा, आणि हा खानावळीत पत्ते खेळतोय

पेठेतला_पाव्हणा
पत्त्यांचा डाव चांगला होता पण. मीही खेळत बसलो

थोरले_बखरकार
एज ऑफ एम्पायर्स, फौज उभारून लढायचा गेम. आमच्या हॉस्टेलवर रात्रभर चालायचं. सैनिक एकदा तयार झाला की त्याला आयुष्यभर जेवण लागत नाही! अन्न लागतं ते फक्त बनवताना. हत्तीला पण नाही. पानिपत वाचलेल्या माणसाला हे कसं पटायचं. १७६१ ला आपली फौज नुसत्या तलवारीने हरली का, अब्दालीने रसद तोडली, छावणीत माणसं जनावरं उपाशी, आणि १४ जानेवारीला उपाशीपोटी बाहेर पडून लढले. बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य घेऊन फौजेबरोबर चालायचे, अख्खी लढाई त्यांच्यावर असायची, कुठल्याच गेममध्ये तो तांडा नाही. मी एकदा मित्राला वेढा घातला, बराच वेळ, त्याचं एकही शेत शिल्लक ठेवलं नाही आणि तो आतून मजेत तसाच उभा. मी म्हटलं तू आतापर्यंत शरण यायला पाहिजेस, तो म्हणाला माझ्या माणसांना भूकच नाहीये. तलवारीने दगडी किल्ला पेटवतात ते तर सोडाच.

तिसऱ्या भागात भारतीय आले (२००७ चं एक्सपान्शन, म्हणजे वाढीव भाग) त्यात आपले गावकरी अन्न देऊन नाही, लाकूड देऊन तयार होतात. का ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही

चांदवडकर
बैल आणि धान्य असलेला गेम काढा कुणीतरी, मी पहिला घेईन

बंड्या२२
आणि तो गांधीजी अणुबॉम्ब टाकतात तो गेम? सिव्हिलायझेशन. एका बगमुळे म्हणजे प्रोग्राममधल्या चुकीमुळे

कोडकरी
बग नव्हता. तो गेम बनवणाऱ्या सिड मायरने स्वतः २०२० मध्ये सांगितलंय की पहिल्या गेममध्ये असा बग नव्हताच, नंतर पसरलेली गोष्ट आहे. पण पुढच्या भागांत त्यांनी मुद्दाम तसं ठेवलं

बंड्या२२
अरेच्चा. मी दहा लोकांना सांगितलंय

अबोली
राजी (२०२०) कुणी खेळलं का? पुण्याच्या टीमने बनवलाय, नॉडिंग हेड्स. दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात. ती मुलगी खांबावरून खांबावर उड्या मारते, भिंतीवर धावते, पण मला एकदा पण खटकलं नाही कारण ती जत्रेत कसरती करणारी आहे, सुरुवातीलाच सांगून ठेवलंय. पाव्हण्यांचा मुद्दा तोच ना. आणि भावाला शोधतेय म्हणून जीव तोडून धावते, मधे पत्ते खेळत नाही :)

पेठेतला_पाव्हणा
@अबोली हो हो हेच म्हणायचं होतं मला. घेतो आज

मालवणी_मामा
@थोरले_बखरकार तुमच्यामुळे एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग काढावासा वाटतोय. जुनी सीडी आहे, नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. आणि भाचा पण विचारतोय दोघांनी खेळता येईल का

थोरले_बखरकार
त्याची नवी आवृत्ती डेफिनिटिव्ह एडिशन घ्या, स्टीमवर (गेमचं ऑनलाइन दुकान) सेलमध्ये स्वस्त मिळते. दोघांना दोन मशीन लागतील. त्याला पहिल्यांदा मेंढ्या (सुरुवातीचं अन्न) शोधायला शिकवा, सगळे तिथेच मागे पडतात

बंड्या२२
मी येऊ का तिसरा? शनिवारी रात्री मोकळा आहे

मालवणी_मामा
ये. दहानंतर, जेवणं आटोपली की