७४एचसी२४४ बफर: एका पल्सच्या जागी सहा-नऊ पल्स का मोजल्या जातात?

प्रश्न

एका दांड्याचे फेरे मोजण्यासाठी मी हॉल सेन्सर (चुंबक जवळ आल्याचे ओळखणारा) बसवला आहे. दांड्यावर चुंबक एकच असल्याने फेऱ्यागणिक एकच पल्स यायला हवी. सेन्सरचे आउटपुट ओपन कलेक्टर आहे, म्हणजे ते सिग्नल फक्त खाली ओढते, म्हणून वर नेण्यासाठी ५ व्होल्टला १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर दिला आहे आणि गोंगाट गाळण्यासाठी त्याच बिंदूपासून ग्राउंडला १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडला आहे. तेथून सिग्नल ७४एचसी२४४ या लॉजिक चिपच्या एका बफरमध्ये (सिग्नल जोर देऊन पुढे पाठवणारा भाग) आणि पुढे सुमारे ६० सेंटिमीटरच्या रिबन केबलमधून काउंटरकडे जातो.

प्रत्यक्षात काउंटर एका फेऱ्याला कधी सहाने, तर कधी नऊने पुढे सरकतो. ऑसिलोस्कोपवर बफरच्या आउटपुटला साधारण २० मेगाहर्ट्झची दोलने दिसतात, पण ती फक्त चढत्या कडेवर. उतरती कडा स्वच्छ आहे. गोंगाट अधिक गाळला जावा म्हणून कपॅसिटर १० नॅनोफॅरडचा केला, तर आकडा कमी होण्याऐवजी कित्येक पटींनी वाढला. असे उलटे का व्हावे?

उत्तर १

शेवटच्या दोन निरीक्षणांतच उत्तर आहे. सेन्सरचा ट्रान्झिस्टर इनपुट झटकन खाली ओढतो, मात्र वर नेण्याचे काम १० किलोओहमच्या रेझिस्टरला एकट्याने करावे लागते. १० किलोओहम गुणिले १ नॅनोफॅरड म्हणजे १० मायक्रोसेकंद, आणि १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत चढायला त्याच्या २.२ पट, म्हणजे २२ मायक्रोसेकंद लागतात. एचसी मालिकेच्या साध्या इनपुटसाठी ४.५ व्होल्टला चढण्याच्या वेळेची कमाल मर्यादा ५०० नॅनोसेकंद आहे. तुमचा सिग्नल तिच्या चाळीस पटींहून अधिक संथ आहे.

२.५ व्होल्टच्या आसपास तुमच्या इनपुटचा चढ मायक्रोसेकंदाला पाव व्होल्ट इतकाच आहे, त्यामुळे उंबरठ्याजवळचे (बफर ज्या व्होल्टेजला ० चा १ समजतो त्याच्या आसपासचे) १०० मिलिव्होल्ट ओलांडायला ४०० नॅनोसेकंद लागतात. तेवढ्या काळात बफर लॉजिक गेट राहत नाही, तो मोठ्या गेनचा अ‍ॅम्प्लिफायर होतो. आउटपुट बदलताना केबल भरणारा प्रवाह चिपच्या पुरवठा व ग्राउंड पायांच्या इंडक्टन्समधून वाहतो, तेथील व्होल्टेज आधी एका बाजूला आणि लगेच उलट बाजूला झुकते, त्यासोबत चिपच्या आतला उंबरठाही हलतो आणि सिग्नल पुन्हा त्याच्या खाली गेल्यासारखा होतो. २० मेगाहर्ट्झला एक आवर्तन ५० नॅनोसेकंदांचे, म्हणजे ४०० नॅनोसेकंदांत आठ आवर्तने. तुमच्या सहा-नऊशी हे जुळते. कपॅसिटर दहापट केल्यावर सिग्नल त्या पट्ट्यात दहापट वेळ रेंगाळला, इतकेच. बफरच्या आधी श्मिट ट्रिगर (चढताना व उतरताना वेगवेगळा उंबरठा असलेला गेट), उदाहरणार्थ ७४एचसी१४, बसवा.

उत्तर २

निदान बहुधा बरोबर आहे, पण स्कोपवरच्या चित्रावर इतक्या लवकर विश्वास ठेवू नये असे मला वाटते. प्रोबची लांब ग्राउंड वायर स्वतःच दोलने दाखवते. स्प्रिंगचा आखूड ग्राउंड लावून पुन्हा मोजा. केबल काढूनही पाहा, कारण परावर्तनाचा (केबलच्या टोकावरून सिग्नल उलटून परतण्याचा) दोष असेल तर दोलने दोन्ही कडांवर दिसायला हवीत. शिवाय २४४ मध्ये आठ बफर असतात. उरलेल्या सात इनपुटांचे काय केले आहे?

प्रश्नकर्ता

आखूड ग्राउंडने दोलनांची उंची थोडी घटली, पण ती गेली नाहीत. केबल काढल्यावर आवर्तने दोन-तीनच उरली. सात इनपुट मोकळेच होते. ते आता ग्राउंडला जोडले आहेत. ७४एचसी१४ हाताशी नाही, तोवर काही करता येईल का?

उत्तर ३

बफर नॉन-इन्व्हर्टिंग (सिग्नल न उलटवणारा) असल्याने दोन रेझिस्टरमध्ये हिस्टेरिसिस, म्हणजे चढत्या व उतरत्या उंबरठ्यांमधले अंतर, मिळते. कपॅसिटर आणि इनपुट पिन यांच्यामध्ये १० किलोओहम लावा आणि आउटपुटपासून थेट पिनवर १०० किलोओहम आणा. फीडबॅक कपॅसिटरच्या बाजूला जोडलात तर कपॅसिटर तो गिळून टाकेल. या जोडणीत सुमारे ०.४५ व्होल्टचे हिस्टेरिसिस मिळते.

गुणोत्तर तेच आहे म्हणून १ व १० किलोओहम वापरण्याचा मोह टाळावा. मी त्यात एक संध्याकाळ घालवली आहे. पुल-अपचे १० किलोओहमही मार्गात येतात, त्यामुळे आउटपुट खाली असताना पिन ५ गुणिले १० भागिले २१, म्हणजे २.४ व्होल्टपाशीच अडकते आणि बफर बदलतच नाही. उलट मोठ्या रेझिस्टरमुळे पिनच्या कपॅसिटन्सपायी फीडबॅक काही दशक नॅनोसेकंद उशिरा पोहोचतो, म्हणून ही सोय तात्पुरतीच समजा.

प्रश्नकर्ता

दोन रेझिस्टरनी काम बरेच भागले, पण केबल जोडलेली असताना अधूनमधून एखादी जादा पल्स येत होती. आज ७४एचसी१४ मिळाले. ते सिग्नल उलटवते, म्हणून त्याचे दोन गेट एकापुढे एक जोडून मग २४४ ला सिग्नल दिला, तात्पुरते रेझिस्टर काढले, कपॅसिटर पुन्हा १ नॅनोफॅरडचा केला आणि दोन्ही चिपच्या पुरवठा पायांलगत १०० नॅनोफॅरड लावले. दांडा हाताने पन्नास वेळा फिरवला आणि काउंटरवर ५० हाच आकडा आला.