चीनला जाऊन तलावाकाठी नुसतं पडून राहायचं? हो, राहायचं!

निवांत_नारायण (धागाकर्ता)

गेल्या नोव्हेंबरात चीनला जाऊन आलो. आल्यापासून जो तो एकच विचारतोय, "भिंत बघितली का?" नाही बघितली. बीजिंगला गेलोच नाही. शिआनचे मातीचे सैनिकही राहिले. शांघायला दोन दिवस, हांगझौला एक, आणि मग सलग चार रात्री चियानदाओ तलावाकाठच्या एका रिसॉर्टमध्ये मुक्काम. मेहुणा म्हणाला, "मग पानशेतला जायचं होतंस, पेट्रोलमध्ये भागलं असतं." त्या टोमण्याला उत्तर म्हणून हा धागा.

चियानदाओ म्हणजे हजार बेटं. ही अतिशयोक्ती नाही, मोजून १,०७८ आहेत. जागा झेजियांग प्रांतात, हांगझौच्या नैर्ऋत्येला. २०१८ च्या डिसेंबरात हांगझौ-हुआंगशान वेगवान रेल्वे सुरू झाली, त्यामुळे हांगझौहून तासाभरात पोचता येतं. स्टेशनवर रिसॉर्टची गाडी आली होती. पुढे घाटासारखा रस्ता, दोन्हीकडे संत्र्यांच्या बागा, शेवटच्या वळणानंतर मोबाइलवरचा नकाशासुद्धा गप्प झाला.

खोली एका रात्रीला २,२०० युआन, म्हणजे आपले सव्वीस-सत्तावीस हजार. महाग आहे, मान्य. पण पहाटे बाल्कनीत बसलं की आधी फक्त धुकं असतं. मग एक बेट उगवतं, मग त्याच्या मागचं, मग त्याच्याही मागचं. आईने (वय ७१) घरून आणलेला चिवडा खात हा सोहळा चारही दिवस पाहिला. तिला कुठेही 'चला चला' म्हणावं लागलं नाही. मी तलावाकाठच्या सायकलमार्गावर रोज दोन तास काढले. हॉर्न एकदाही ऐकला नाही. अगदी अस्पर्श निसर्ग.

माझं म्हणणं असं : आठ दिवसांत पाच शहरं करणाऱ्या सहलीत आपण चीन बघत नाही, झेंडा धरलेल्या गाइडची पाठ बघतो. आणि प्रत्येक गावात तेच पनीर. त्यापेक्षा एका आडबाजूच्या पाण्याकाठी चार दिवस बसा. ज्यांना पटत नसेल त्यांनी भांडावं.

---

सुझौकर

भांडतो. सुझौत नऊ वर्षं राहतोय, म्हणून थोडा हक्काने.

तुम्ही चीनमधून आलात हे खरं, पण राहिलात लॉबीत. जी मुलगी तुम्हाला इंग्रजीत 'गुड मॉर्निंग' म्हणाली, जो माणूस कोपऱ्यात ऑम्लेट करून देत होता, ती पांढरी चादर, तो पोहण्याचा तलाव, हे सगळं बालीतही आहे आणि अलिबागलाही. गाइडची पाठ नको म्हणून तुम्ही काच पसंत केलीत, एवढाच फरक.

चीन बघायचा तर सकाळी सहाला कुठल्याही गावच्या बागेत जा. निवृत्त बायका स्पीकर लावून रांगेत नाचतात, म्हातारे पक्ष्यांचे पिंजरे झाडाला टांगून पत्ते कुटतात, प्रत्येकाच्या हातात पाल्याचा चहा भरलेली बाटली. भाजीबाजारात जा, जिवंत मासा परातीतून उडी मारून तुमच्या बुटावर पडेल. हे फुकट आहे.

आणि शांतता म्हणाल तर तुम्ही नोव्हेंबरातले मधले वार गाठलेत. १ ते ७ ऑक्टोबरच्या सुट्टीत जाऊन बघा. मेफंगच्या टेकडीवर बेटं बघायला जी रांग लागते ती बघून दादर स्टेशन आठवेल. शांघायची अख्खी मध्यमवर्गीय पिढी पोराबाळांसह तिथेच असते.

---

पाणकावळा

नारायणराव, जोरदार +१. सुट्टी म्हणजे परीक्षा नव्हे. कोणी काय बघितलं याची तोंडी परीक्षा घेणाऱ्या नातेवाइकांना माझा साष्टांग नमस्कार.

---

शंकासुर

वाद चालू द्या. मला एवढंच सांगा, शाकाहारी माणूस चार दिवस तिथे काय खातो? बायको कांदा-लसूणही खात नाही.

---

मुळशीकर

मी दोघांशीही भांडणार आहे.

नारायणराव, तुम्ही धाग्यात टाकलेला तलावाचा फोटो मोठा करून बघितला. बेटांच्या कडेला, झाडी संपते आणि पाणी सुरू होतं त्याच्या मधे, एक तांबूस-पिवळा उघडा पट्टा दिसतोय. आमच्याकडे लहान पोरालाही कळतं की तो पट्टा धरणाचा असतो. पाणी चढतं-उतरतं, तिथे काही रुजत नाही. तुमचा 'अस्पर्श निसर्ग' १९५९ साली तयार झाला आहे. शिनआन नदीवर धरण बांधलं, दरी भरली आणि डोंगरांची डोकी वर राहिली. ती तुमची १,०७८ बेटं.

खाली काय आहे तेही ऐका. दोन जुनी तालुक्याची गावं, त्यांतलं एक शिचंग, म्हणजे सिंहनगरी. मागच्या पाच सिंहांच्या डोंगरावरून ते नाव. वेशी, दगडी कमानी, कमानींवर कोरलेले सिंह आणि ड्रॅगन, आणि भोवती शेकड्यांनी खेडी. सुमारे २ लाख ९० हजार माणसं उठवली. पुष्कळ जण शेजारच्या जियांगशी प्रांतात पाठवले गेले, आणि ते नव्या जागी टेकतात न टेकतात तोच चीनमधली दुष्काळाची ती भयंकर वर्षं सुरू झाली. २००१ मध्ये पाणबुडे खाली उतरले तेव्हा कमानींवरचं कोरीवकाम शाबूत निघालं. ऊन नाही, वारा नाही, पाऊस नाही, झिजणार कशाने?

आमच्या पणजोबांनी धरणाविरुद्धच्या मुळशी सत्याग्रहात मार खाल्ला होता. १९२१ ची गोष्ट. आता त्याच धरणाच्या काठी 'लेक व्ह्यू' खोल्या आहेत आणि आमचेच चुलत भाऊ त्यात वेटर आहेत. म्हणून 'व्ह्यू' म्हटलं की आधी खालचं गाव दिसतं. सवय आहे, जात नाही.

---

टर्बाइन_काका

मुळशीकर, आदर ठेवून सांगतो, नाण्याची दुसरी बाजूही लिहा. मी विजेच्या खात्यात ३४ वर्षं काढली. शिनआनचं धरण हे चीनने स्वतः आराखडा काढून, स्वतःची यंत्रं बनवून उभं केलेलं पहिलं मोठं जलविद्युत केंद्र. धरणाची उंची १०५ मीटर. पूर्ण भरल्यावर पाणी १७.८ अब्ज घनमीटर. आपल्या भाषेत जवळजवळ ६३० टीएमसी. कोयना १०५! म्हणजे सहा कोयना एका जागी. शांघायच्या आणि हांगझौच्या गिरण्या-कारखान्यांना ती वीज लागत होती. आज त्याच तलावाचं पाणी बोगद्यातून हांगझौकरांच्या नळाला येतं. त्यामुळे काठावर कारखाने येऊ देत नाहीत, पाणी नितळ राहतं. नारायणरावांना जे सुंदर वाटलं ते धरणामुळेच.

---

मुळशीकर

काका, मुळशीच्या वेळी वीज मुंबईच्या गिरण्यांनाही लागत होती. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय.

मी 'जाऊ नका' म्हणत नाहीये. मी 'अस्पर्श' या शब्दावर हसतोय.

---

निवांत_नारायण

मुळशीकर, धरणाचं मला ठाऊक होतं, पण ओझरतं. खोलीत एक माहितीपत्रक होतं, त्यात बुडालेल्या शहराचं रंगीत चित्र आणि 'पूर्वेकडचं अटलांटिस' असं काहीतरी. मी ते चहाच्या कपाखाली ठेवलं होतं. आता लाज वाटतेय, पण खरं तेच लिहितो.

तरी माझा मुद्दा पडत नाही. भाक्रा, कोयना, भंडारदरा, आपण सगळीकडे जातोच की. भंडारदऱ्याला तंबूत राहताना कोणी विचारत नाही की खाली कोणाची शेतं होती. मग चीनमध्ये गेलेल्या माणसालाच जाब का?

शंकासुर, जेवणाचं : मोबाइलवर मोठ्या अक्षरांत 'मी सू खातो' असं चिनी भाषेत लिहून ठेवा. सू म्हणजे शाकाहार. तिथल्या बौद्ध पद्धतीच्या शाकाहारात कांदा-लसूण वर्ज्यच असतात, त्यामुळे वहिनींची सोय तुमच्यापेक्षा सोपी. तोफूचे इतके प्रकार की शेवटी आई म्हणाली, आता पुरे. मात्र रश्श्यात हाडांचं पाणी नाही ना, हे दोनदा विचारायचं.

---

खवय्या_कोकणस्थ

आणि मासे खाणाऱ्यांचं कोणीच बोलत नाही! चियानदाओला जाऊन मोठ्या डोक्याच्या माशाचं सार खाल्लं नाही तर मेहुण्याचं बरोबर आहे, पानशेतलाच जा. मडक्यात शिजवलेलं, दुधासारखं पांढरं सार, वर तोफूचे तुकडे. डोक्याच्या गालातलं मांस ज्याला काढता येतं तोच खरा.

गंमत म्हणजे हे मासे पाणी स्वच्छ ठेवायला सोडलेले आहेत. १९९८-९९ च्या सुमाराला तलावात शेवाळ माजलं होतं. हे मासे पाण्यातलं बारीक शेवाळ-किडे गाळून खातात. मोठे झाले की पकडायचे, छोटे पुन्हा सोडायचे. लांबलचक जाळं ओढताना बघायला पर्यटकांची बोट नेतात. मी बघितलंय, शेकडो मासे एकदम हवेत.

---

पाणकावळा

खवय्याशेठ, सकाळी साडेनऊला असलं लिहू नका. ऑफिसात डबा दोडक्याचा आहे.

---

सुझौकर

नारायणराव, तुम्ही 'जाब का' म्हणालात म्हणून एक सांगतो. माझ्या टीममध्ये एक जण जियांगशीचा आहे. वय तिशीच्या आतलं. एकदा फोनवर आईशी बोलत होता, भाषा मला अजिबात लागेना. विचारलं तर म्हणाला, ही जियांगशीची नाही, चुनआनची बोली. चुनआन म्हणजे चियानदाओचाच तालुका. आजी-आजोबांना १९५९ मध्ये उठवलं. आज तिसऱ्या पिढीनंतरही गावात घरी तीच बोली चालते, आणि शेजारचे लोक अजून त्यांना 'धरणवाले' म्हणतात.

मी विचारलं, तू कधी गेलास का तिथे? तर हो, गेला होता, बायकोला घेऊन, रिसॉर्टवर! दोन रात्री. 'छान होतं, वायफाय संथ होतं,' एवढंच म्हणाला. आता याचं काय करायचं ते मुळशीकरांनी सांगावं. मला तरी सुचलं नाही.

---

मुळशीकर

काही करायचं नाही. मीही 'लेक व्ह्यू'मध्ये जेवायला जातो. भावाचा डिस्काउंट असतो.

पण गोव्यातलं कुर्डी बघा. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. साळावली धरणात बुडालं, पण दर मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं आणि जुने गावकरी देवळापाशी जमतात. उजनीत पळसदेवचं देऊळ असंच डोकं काढतं. आपल्याकडची धरणं निदान उन्हाळ्यात कबुली देतात. शिचंग पंचवीस-तीस मीटर खाली आहे, ते कधीच वर येत नाही. सामान्य माणसाला तिथे बुडीही मारता येत नाही. म्हणून काठावर त्या शहराची नवीकोरी नक्कल बांधली आहे, तिकडे चालत फिरता येतं. ती बघितलीत?

---

निवांत_नारायण

नाही बघितली. बाल्कनीतून उठलोच नाही, हेच तर धाग्याचं शीर्षक आहे.

---

टर्बाइन_काका

अवांतर : धरणाची भिंतही बघता येते, खालच्या बाजूला शिनआनचियांग गावात. खोलातून सोडलेलं पाणी बारा महिने थंड असतं, त्यामुळे उन्हाळ्यातही नदीवर धुकं धरतं. बाल्कनीवाल्यांना विनंती, तेवढं तरी बघा.

---

सुझौकर

माझी तडजोड. एप्रिलच्या सुरुवातीला या. नवा चहा खुडायला सुरुवात झालेली असते आणि जूनचा चिकट पाऊस अजून लांब असतो. दोन रात्री रिसॉर्ट, काय ती धुक्याची हौस फेडा. दोन रात्री वरच्या खेड्यात मिन्सूमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी घरीच भाड्याने. तीनशे-चारशे युआनमध्ये खोली. घरमालकीण जेवायला वाढते आणि नको म्हटलं तरी पुन्हा वाढते. फक्त परदेशी पासपोर्टची नोंदणी करतात का, ते आधी फोनवर विचारून घ्या, लहान घरांना ती कटकट वाटते. फोन मी करून देतो.

---

निवांत_नारायण

सुझौकर, मंजूर. मुळशीकर, धाग्यातला 'अस्पर्श' काढणार होतो, पण मग तुमच्या प्रतिसादाला अर्थ राहणार नाही, म्हणून ठेवतो.

आईला विचारलं. ती म्हणते, कुणाच्याही घरी राहीन, पण बाल्कनी आहे का ते विचार.

---

शंकासुर

सू लिहून ठेवलं. आता शेवटचं : तोफू उपासाला चालतो का?