मदत हवी आहे: डेबियन १२ (लिनक्स) वर ब्रॉडकॉमच्या बीसीएम४३१४२ कार्डचं वायफाय चालेना

लॅपटॉपला इथरनेट पोर्ट नाही. 'एलएसपीसीआय -एनएनके' (जोडलेली कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवणारी आज्ञा) मध्ये कार्ड दिसतं (आयडी १४ई४:४३६५), पण 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' पुढे 'बीसीएमए-पीसीआय-ब्रिज' येतं आणि वायफायचा इंटरफेस तयारच होत नाही. 'फर्मवेअर-बीआरसीएम८०२११' टाकून रीस्टार्ट केलं, फरक शून्य. 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' शोधलं तर पॅकेज सापडत नाही.

प्रतिसाद १

बीसीएमए हा नुसता पूल आहे. त्याने कार्ड धरून ठेवलंय, पण पलीकडे वायफाय चालवणारं कुणी नाही. तुम्ही टाकलेलं फर्मवेअर ज्या ड्रायव्हरांसाठी आहे त्यांना ही चिप कळत नाही. हिला 'डब्ल्यूएल' हा ड्रायव्हर लागतो, तो तुम्ही शोधलेल्या 'ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस' मधूनच येतो.

पॅकेज न सापडण्याचं कारण असं: डेबियन १२ पासून फर्मवेअरला 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा वेगळा विभाग मिळाला. डब्ल्यूएल फर्मवेअर नाही, ड्रायव्हर आहे, म्हणून तो जुन्या 'नॉन-फ्री' मध्येच राहिला. 'सोर्सेस.लिस्ट' (पॅकेजं कुठून घ्यायची ती यादी) मधल्या ओळींच्या शेवटी 'कॉन्ट्रिब नॉन-फ्री' जोडा. मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलंत की इंटरनेट मिळेल. मग (टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत):

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस

हेडर्स (कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फायली) आवृत्तीचा आकडा न घालता घ्या. आकडा घालून घेतलेत तर पुढच्या कर्नल अपडेटला नवे हेडर्स येणार नाहीत, मॉड्यूल बांधलं जाणार नाही आणि वायफाय पुन्हा गायब. नंतर 'डीकेएमएस स्टेटस' पाहा (डीकेएमएस म्हणजे प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बांधणारं साधन), शेवटी 'इन्स्टॉल्ड' हवं. 'अ‍ॅडेड' वरच अडकलं असेल तर चालू कर्नलचे हेडर्स नाहीत.

धागाकर्ता

स्टेटस 'इन्स्टॉल्ड' आहे. रीस्टार्टनंतर 'सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल' ला 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं उत्तर येतं.

प्रतिसाद २

सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं मॉड्यूल चालू न देणारी सुरक्षा) चालू आहे. 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' ने खात्री करा. मॉड्यूलवर सही झालेली आहे, पण ती सही तुमच्या मशीनच्या ओळखीची नाही. बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही, ज्या किल्लीने सही झाली ती (मोक) मशीनमध्ये नोंदवा:

सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/डीकेएमएस/मोक.पब

पासवर्ड विचारेल, तो एकदाच लागतो. नुसते आकडे ठेवा, कारण पुढच्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. रीस्टार्टला निळा स्क्रीन येईल; लगेच एखादी कळ दाबा, नाहीतर तो काही सेकंदांत निघून जातो आणि इम्पोर्ट पुन्हा करावा लागतो. 'एनरोल मोक', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, रीबूट.

धागाकर्ता

चालू झालं! पण राउटरची दोनपैकी एकच नेटवर्क दिसते.

प्रतिसाद १

न दिसणारी ५ गिगाहर्ट्झची असणार. हे कार्ड फक्त २.४ वर चालतं, तिथे ड्रायव्हर काही करू शकत नाही.