दवाखान्यात १५६/९४, घरी १२६/८०: कोणता रक्तदाब खरा मानावा?

निरभ्र (प्रश्न)

माझे वय ४६ आहे. गेल्या आठ महिन्यांत तीन वेळा दवाखान्यात रक्तदाब मोजला गेला आणि तिन्ही वेळा वरचा आकडा १५० च्या पुढे निघाला. शेवटच्या वेळी तो १५६/९४ होता. घरी दंडाला पट्टा बांधून मोजण्याचे मशीन आहे. त्यावर मात्र वरचा आकडा १२२ ते १२८ आणि खालचा ७६ ते ८२ यांच्या बाहेर क्वचितच जातो.

दवाखान्यात माझा क्रमांक जवळ आला की तळहातांना घाम सुटतो. पट्टा फुगू लागला की दंडातला ठोका कानात ऐकू येतो, आणि आता आकडा वाढणार हे मला तो दिसण्याआधीच ठाऊक असते. डॉक्टरांनी गोळी सुरू करण्याचे सुचवले आहे. मी विचार करण्यासाठी दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली आहे. वडिलांना पंचावन्नाव्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला होता, त्यामुळे या गोष्टीकडे काणाडोळा करण्याची माझी हिंमत होत नाही. पण गरज नसताना आयुष्यभराची गोळी मागे लावून घ्यावी, असेही वाटत नाही.

माझे मशीन चुकते आहे का? की यालाच ‘व्हाइट कोट हायपरटेन्शन’ म्हणतात? आणि तसे असेल, तर ते निर्धोक असते का?

पारवा

मी गेली २२ वर्षे वैद्यकीय व्यवसायात आहे. आपल्याला न तपासता निदान करणे योग्य होणार नाही, परंतु आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले आहेत, ते सुटे करून सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही आकडे खरे असू शकतात. दवाखान्यातला आकडा हा त्या क्षणीचा, सावध झालेल्या शरीराचा रक्तदाब असतो. धोक्याची चाहूल लागली की मेंदू अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात सोडायला लावतो, हृदय जोराने धडधडते, रक्तवाहिन्या आवळतात आणि दाब चढतो. ही क्रिया आपल्या इच्छेने होत नाही, म्हणून ‘उगाच घाबरू नका’ असे सांगून ती थांबतही नाही. १९८३ साली इटलीतील मिलान येथे जुसेप्पे मांचिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ जणांच्या धमनीत बारीक नळी ठेवून रक्तदाबाची अखंड नोंद घेतली. डॉक्टर खाटेजवळ येऊन रक्तदाब मोजू लागले की पहिल्या एक ते चार मिनिटांत वरचा आकडा सरासरी २७ मिलिमीटरने आणि खालचा सुमारे १५ ने चढत असे. हे जवळजवळ सगळ्यांच्या बाबतीत घडले, ज्यांचा रक्तदाब मुळात व्यवस्थित होता त्यांच्याही. तेव्हा आपल्याला जे होते त्यात मनाचा दुबळेपणा शोधू नये.

दुसरी गोष्ट निदानाची. दवाखान्यात वेगवेगळ्या भेटींत रक्तदाब १४०/९० किंवा अधिक, पण दवाखान्याबाहेर तो मर्यादेत, आणि औषध सुरू नाही, अशा स्थितीला व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात. बाहेरची मर्यादा मात्र १४०/९० नव्हे, हे पुष्कळांना माहीत नसते. घरच्या नोंदींची सरासरी १३५/८५ च्या खाली असावी लागते, आणि चोवीस तासांच्या नोंदीत (दंडाला बांधलेले यंत्र दिवसरात्र ठरावीक वेळाने आपोआप मोजते, ती नोंद) एकूण सरासरी १३०/८० च्या, दिवसाची १३५/८५ च्या व रात्रीची १२०/७० च्या खाली. काही देशांतील मार्गदर्शक सूचनांत या रेषा आणखी खाली ओढल्या आहेत, म्हणून आपले डॉक्टर कोणती मर्यादा धरतात ते त्यांनाच विचारावे. दवाखान्यात रक्तदाब जास्त आढळणाऱ्यांपैकी साधारण १५ ते ३० टक्के लोक या गटात निघतात, म्हणजे ही दुर्मिळ गोष्ट नव्हे.

‘घरी नीट येतो’ एवढ्याने मात्र भागत नाही, कारण आपण मनाला येईल तेव्हा मोजतो आणि चांगला आलेला आकडा लक्षात ठेवतो. सलग सात दिवस सकाळी आणि रात्री मोजावे. सकाळी उठल्यावर तासाभरात, लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, रात्री निजण्यापूर्वी. प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, दोन्ही पावले जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर अशा रीतीने की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. पट्टा उघड्या दंडावर बांधावा. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे जसेच्या तसे लिहावेत. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढावी. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, धूम्रपान किंवा व्यायाम झालेला नसावा.

आता धोक्याबद्दल. व्हाइट कोट हायपरटेन्शन पूर्ण निर्धोक आहे, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. आज तसे सांगता येत नाही. २०१९ साली २७ अभ्यासांतील साठ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा औषध न घेणाऱ्या अशा लोकांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचे प्रमाण रक्तदाब सर्वत्र नीट असणाऱ्यांपेक्षा सुमारे ३६ टक्क्यांनी अधिक आढळले. कायमच्या उच्च रक्तदाबाइतका हा धोका नसतो, आणि त्यातला काही भाग वय, वजन, साखर यांचाही असू शकतो. शिवाय यातील काही जणांचा रक्तदाब पुढे खरोखरच चढतो. दर वर्षी शंभरात एक ते पाच जणांचा, असा अंदाज आहे. म्हणून सहसा गोळी लगेच दिली जात नाही, पण माणसाला मोकळेही सोडले जात नाही. आपल्या वडिलांचा इतिहास पाहता, चोवीस तासांची नोंद करून घेण्याविषयी डॉक्टरांशी जरूर बोला, आणि हृदयाचा आलेख व लघवीतील अल्ब्युमिन यांची तपासणीही विचारा. रक्तदाब खरोखर वाढलेला राहत असेल तर त्याच्या खुणा हृदयावर, मूत्रपिंडांवर किंवा डोळ्यांच्या पडद्यावर उमटू लागतात. अशा खुणा सापडल्या तर घरचे आकडे कितीही चांगले असले तरी निर्णय बदलतो.

ऐलतीर

वरील प्रतिसादाला जोडून आमच्या घरचा अनुभव लिहितो, कारण गोळ्या सुरू असलेल्या माणसाच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक अडचणीची ठरते.

माझी आई ७४ वर्षांची आहे. तिला उच्च रक्तदाब खरोखरच आहे आणि गोळी आवश्यकच आहे. पण दवाखान्यात तिचा वरचा आकडा दर वेळी १६५-१७० निघत असे, आणि त्या आकड्यावरून वर्षभरात दोनदा औषध वाढवले गेले. घरी मोजलेले आकडे कोणी विचारले नाहीत, आणि आम्हीही दाखवले नाहीत, हे मला आजही सलते. एका पहाटे मला काही पडल्याचा आवाज आला. आई न्हाणीघराच्या दाराशी बसली होती, एक हात कडीला धरलेला, चेहरा पांढराफटक, आणि ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’ एवढेच म्हणत होती. मनगट मुरगळले, हाड वाचले. त्या दिवशी उभ्याने मोजलेला तिचा वरचा आकडा ९८ होता. पुढे चोवीस तासांची नोंद केली, तेव्हा दिवसाची सरासरी ११६ निघाली. नव्या डॉक्टरांनी तीनपैकी एक गोळी हळूहळू बंद केली. त्यानंतर आजतागायत चक्कर आलेली नाही.

उपचार सुरू असताना केवळ दवाखान्यात चढणाऱ्या या दाबाला वेगळे नाव आहे, ‘व्हाइट कोट इफेक्ट’. तो ओळखला गेला नाही तर माणसाला गरजेपेक्षा जास्त औषध मिळू शकते, आणि म्हाताऱ्या माणसाचे पडणे ही किरकोळ गोष्ट नसते. मात्र कृपया कोणीही हे वाचून आपली गोळी आपल्या मनाने सोडू नये. आईची गोळी कमी झाली ती नोंदी समोर ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणखी एक निरीक्षण. दवाखान्यात तिचा रक्तदाब मोजला जाई तो दोन जिने चढून आल्यावर लगेच, ती तपासनिसांशी बोलत असताना, हात अधांतरी, बाही वर सरकवून दंडाला काचलेली. बोलण्याने आणि हात लोंबता ठेवल्याने आकडा वाढतो. दंडाच्या मानाने पट्टा आखूड असेल तर आकडा आणखी वाढतो. हे सगळे व्हाइट कोटच्या खात्यात टाकणे बरोबर नाही. ती मोजण्यातली चूक असते आणि ती सुधारता येते. आम्ही आता आधी पाच मिनिटे बसू द्या, अशी विनंती करतो. कोणीही नाही म्हटलेले नाही.

चाफा

उलट बाजूही असते, म्हणून थोडक्यात लिहितो. माझा रक्तदाब दवाखान्यात नेहमी १२५ ते १३० निघायचा. दर वेळी ‘उत्तम आहे’ असे ऐकून मी परत येत असे. सासऱ्यांसाठी मशीन आणले, सहज स्वतःला लावून पाहिले, तर संध्याकाळी १४८/९२. आठवड्याची सरासरी १४४/९० आली. याला ‘मास्क्ड हायपरटेन्शन’, म्हणजे लपलेला उच्च रक्तदाब म्हणतात, आणि त्याचा धोका उघड उच्च रक्तदाबाच्या जवळपास असतो. माझ्यावर आता उपचार सुरू आहेत. घरी मोजण्याचा उपयोग केवळ दवाखान्यातला आकडा खोडून काढण्यासाठी नसतो, एवढेच लक्षात आणून द्यायचे होते.

तृणपाते

निरभ्र, आपण तळहातांच्या घामाविषयी लिहिले आहे, त्यावरून एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. मलाही हाच त्रास आहे. सुरुवातीला मी घरी दिवसातून पंधरा-वीस वेळा मोजत असे. एक आकडा १३८ आला की पुन्हा मोजायचे, मग १४१, मग १४६, आणि शेवटी घरातले मशीनच मला दवाखान्यासारखे वाटू लागले. त्या दिवसांत घरचे आकडेही विश्वासार्ह राहिले नव्हते. डॉक्टरांनी मला ठरलेल्या दोन वेळांव्यतिरिक्त मशीन कपाटातून काढायलाच मनाई केली, आणि ते काम माझ्या पतीकडे दिले. आकडा पाहायचा नाही, तो मशीनमध्ये साठतो, आठवड्याच्या शेवटी उतरवून घ्यायचा. दहा-बारा दिवसांत आकडे खाली स्थिरावले.

दवाखान्यात मला सर्वाधिक उपयोग झाला तो सावकाश श्वासाचा. श्वास घेण्याहून सोडायला अधिक वेळ द्यायचा, मिनिटाला सहा-सात श्वास होतील इतक्या संथपणे, पाचेक मिनिटे. याने दवाखान्यातला आकडा घरच्याइतका कधीच झाला नाही, पण छातीतली धडधड ओसरते आणि डॉक्टरांचे बोलणे नीट ऐकू येते. पहिला आकडा वाढलेला आला तर काही मिनिटांनी पुन्हा मोजण्याची विनंती करायलाही मी आता संकोचत नाही. माझा दुसरा-तिसरा आकडा बहुधा दहा-बारांनी खाली असतो. शक्य असेल तिथे खोलीत एकटे बसवून मशीनने आपोआप मोजून घेतात, तेही विचारून पाहावे.

निरभ्र

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांची मुदत वाढवून घेतली आणि सांगितल्याप्रमाणे केले, म्हणून सव्वा महिन्याने लिहितो आहे.

सात दिवसांच्या नोंदींत पहिला दिवस खरोखरच वेगळा निघाला, १३८/८६. तो वगळून सहा दिवसांची सरासरी १२६/८० आली. मशीन दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून पाहिले. एकाच हातावर पाठोपाठ मोजले असता तीन-चार मिलिमीटरचाच फरक होता, म्हणजे माझे मशीन चुकत नव्हते. डॉक्टरांनी नोंदवही शांतपणे पाहिली आणि चोवीस तासांची नोंद त्यांनीच सुचवली. मी उगाचच त्यांच्याविषयी मनात किंतु धरला होता.

त्या यंत्राचा पट्टा दिवसा दर वीस मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या तासाने फुगत असे. रात्री दोन-तीनदा झोपमोड झाली. अहवालातली सगळ्यात बोलकी जागा म्हणजे पहिल्या दोन ओळी: यंत्र बांधताना, परिचारिका शेजारी उभ्या असताना १५१/९२, आणि वीस मिनिटांनी, मी एकटा रस्त्याकडेच्या बाकावर बसलेलो असताना १३१/८३. दिवसाची सरासरी १२९/८१, रात्रीची ११२/६८, एकूण १२३/७७. हृदयाचा आलेख आणि लघवीची तपासणी व्यवस्थित आली.

गोळी सध्या नाही. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवायचे, आठवड्याला किमान १५० मिनिटे झपाझप चालायचे, चार किलो वजन उतरवायचे, दर तीन महिन्यांनी एक आठवडा घरी मोजायचे आणि वर्षाने पुन्हा चोवीस तासांची नोंद, असे ठरले आहे. एक शंका उरते: त्या वर्षभराच्या मध्येच घरची सरासरी वाढलेली दिसली, तर वर्ष संपेपर्यंत थांबायचे का?

पारवा

थांबू नये. सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच पद्धतीने सात दिवस मोजा. दुसऱ्यांदाही तशीच आली, तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. एखादा सुटा आकडा वाढला म्हणून धावपळ नको. अपवाद एकच: वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला आणि त्याबरोबर छातीत दुखणे, धाप, बोलताना जीभ अडखळणे, हातापायांतील शक्ती जाणे किंवा दृष्टी अंधुक होणे यांपैकी काही असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, तातडीने रुग्णालय गाठा. आणि वजन उतरल्यावर दंडाचा घेर एकदा टेपने मोजा. पट्ट्यावर लिहिलेल्या मापात तो बसत नसेल तर पट्टा बदलावा लागेल.