शॅलट म्हणजे छोटा कांदाच ना?

रेसिपीत शॅलट लिहिलंय, हे नक्की काय असतं? साधा कांदा घातला तर चालेल का?

– कांद्याचीच जात आहे पण एकटा गड्डा नसतो, झुपक्यात वाढतो आणि सोलला की आत बऱ्याचदा लसणासारख्या दोन-तीन पाकळ्या निघतात, चव गोडसर, उग्रपणा कमी.

– नावाची गंमत वेगळीच, भूमध्य समुद्राकाठच्या अ‍ॅस्कलॉन या जुन्या बंदरावरून लॅटिनमध्ये आलं आणि फ्रेंचमधून झिजत झिजत शॅलट झालं.

– बेअर्नेज या अंडं-लोण्याच्या फ्रेंच सॉसमध्ये शॅलट अगदी बारीक चिरून व्हिनेगरमध्ये आटवतात. परतताना जास्त लाल करू नका, कडवट होतं. साधा कांदा चालेल, पण कमी घ्या.

– थँक्स! सोलताना मात्र वैताग आला.

– अगं, कोमट पाण्यात भिजव की दहा मिनिटं.