दोष अननुभवाचा नव्हे
मध्यंतराला ४०-२५ अशी आघाडी असूनही नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने २०२२ चा अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेचा (एनसीएए) अंतिम सामना कॅन्ससविरुद्ध ७२-६९ असा गमावला, याचे खापर एका प्रतिसादात संघाचे तेव्हाचे नवे मुख्य प्रशिक्षक ह्युबर्ट डेव्हिस यांच्या अननुभवावर फोडले आहे. ते मला पटत नाही. ज्या पाच खेळाडूंवर त्यांनी जवळजवळ सगळा भार टाकला, त्यांनीच प्रतिस्पर्धी ड्यूक विद्यापीठाला त्यांचे प्रशिक्षक माइक शशेव्स्की यांच्या घरच्या मैदानावरील निरोपाच्या सामन्यात ९४-८१ असे हरवले होते.

त्या प्रतिसादात राहून गेलेली गोष्ट त्या पाचांपैकीच एक असलेल्या आर्मांडो बेकॉटच्या घोट्याची आहे. उपांत्य सामन्यात दुखावलेल्या त्या पायानिशी त्याने अंतिम सामन्यात १५ गुण आणि १५ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) मिळवले. मात्र शेवटच्या मिनिटात, फरक अवघ्या एका गुणाचा असताना, बास्केटकडे झेपावताना तोच घोटा पुन्हा मुरगळला आणि तरीही तो लंगडत बचावासाठी मागे परतला, हे पाहताना आजही गलबलून येते.