मदत हवी आहे : मुडावद ते प्रकाशा स्वतःच्या बोटीने, मधले बॅरेज कसे ओलांडायचे?

राम राम मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण सांभाळून घ्या. माझ्याकडे १४ फुटी फायबरची सेकंडहँड बोट आहे, मागे ९.९ एचपीचं इंजिन. वडील सत्तरी पार, तरुणपणी तापीत नाव वल्हवलेला माणूस, आणि आता एकच हट्ट धरून बसलेत की मुडावदला पांझरा-तापी संगमावर बसायचं आणि प्रकाशाला केदारेश्वराला उतरायचं, सगळं पाण्यातून, गाडीचं नाव काढायचं नाही.

मधे सुलवाडे आणि सारंगखेडा असे दोन बॅरेज, म्हणजे नदीवरचे दरवाज्यांचे बंधारे. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो मामा तापी नॅशनल वॉटरवे आहे, म्हणजे लॉक असणारच, गेट उघडून बोट पलीकडे सोडतात. म्हणून परवा सुलवाड्याला जाऊन आलो. मला तर नुसते लोखंडी दरवाजे दिसले आणि खाली खडक. तिथे मासे पकडणाऱ्या बाबांना विचारलं तर ते म्हणे, "भो, बोटले पंख लावी लेय."

तर लॉक म्हणजे नेमकं काय, आणि आपल्याकडे नसेल तर काय करू?

तापीकाठ :
भाचा अर्धा बरोबर आहे. २०१६ च्या कायद्यात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्यात तापी १०० नंबरला. पण नंबर मिळाला म्हणून लॉक मिळत नाही. आपले बॅरेज पाणी अडवायला बांधलेत, बोटी जायला नाही. लॉक बघायचं तर फरक्क्याला जा, गंगेच्या जलमार्गावर तिथे मोठी जहाजं लॉकमधून काढतात, नाहीतर केरळच्या कालव्यात. तापीवर शोधू नका, पेट्रोल जाईल.

चोपडेकर :
मी तीन वर्षं इंग्लंडला होतो, आम्ही चौघांनी आठवडाभर कालव्यातली नॅरोबोट, म्हणजे लांब अरुंद बोट, भाड्याने घेतली होती म्हणून लॉकचं सांगतो. दगडी हौद समजा, दोन्हीकडे दार. तिथले अरुंद लॉक जेमतेम ७ फूट रुंद आणि साधारण ७० फूट लांब, बोट गेली की बाजूला हात घालायला जागा नाही. खाली उतरायचं असेल तर आधी हौद भरलेला पाहिजे, बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, मग पुढच्या दारातली छोटी झडप उघडायची. पाणी आपसूक खाली जातं, पंप-बिंप काही नाही, शेतातल्या चारीला बारं सोडतो तसंच. दोन्हीकडचं पाणी एका लेव्हलला आलं की दार ढकलून निघायचं. त्याआधी चार पैलवान लावा, दार हलत नाही, कारण दार वरच्या पाण्याकडे टोक करून बंद होतं आणि पाणीच त्याला दाबून धरतं. झडपेचं हँडल आपणच फिरवायचं, बहुतेक ठिकाणी माणूस नसतो.

एक चूक आम्ही केलीच. उतरताना वरच्या दाराच्या आत पाण्याखाली दगडी उंबरा असतो, त्याला सिल म्हणतात. आमची बोट मागे सरकत गेली आणि बुड त्या उंबऱ्यावर टेकलं, पुढचं तोंड खाली जायला लागलं, आतले कप घसरून फुटले. मित्राने धावत झडप बंद केली म्हणून वाचलो. आणि उतरताना दोर खुंट्याला पक्का बांधायचा नाही, एक वेढा देऊन हातात धरायचा आणि सैल सोडत जायचं, नाहीतर पाणी खाली आणि बोट टांगलेली.

रावेरचा_केळीवाला :
लॉकचं स्वप्न सोडा, ट्रॅक्टर ट्रॉली घ्या. मी केळी भरतो तशी. तळाला वाळलेली केळीची पानं जाड अंथरायची, त्यावर जुने टायर, वर बोट. इंजिन आधी उतरवून वेगळं घ्या, मागे लटकत ठेवलं तर पहिल्याच खड्ड्यात ब्रॅकेट जाईल. बॅरेजच्या बऱ्याच अलीकडे काठाला लावा, दरवाज्याजवळ मजा बघायला जाऊ नका, आणि पलीकडेही दरवाज्यांच्या लगेच खाली बोट टाकू नका, पाणी कधी सोडतील सांगता येत नाही. खाली जरा लांब, उतार असेल तिथे. पावसाळ्यात तर नावच नको, वर हतनूर धरणाचे ४१ दरवाजे आहेत, ते उघडले की तापी ओळखू येत नाही.

तापीकाठ :
आणि कागद. इंजिनची बोट आहे, २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यात नोंदणीचं आहे, मेरीटाईम बोर्डाकडे विचारा. बॅरेजच्या पाण्यासाठी पाटबंधारे खात्याला एक अर्ज टाका, पाणी सोडण्याची तारीखही तिथेच कळेल. लाईफ जॅकेट वडिलांनाही, ते नाही म्हणतीलच.

धागाकर्ता :
सगळ्यांचे आभार. वडिलांना ट्रॉलीचं सांगितलं तर आधी फुरंगटले, मग म्हणे मी बोटीतच बसून राहीन, ट्रॉलीवर चढवा मला सकट. आता त्यांना कोण समजावणार. दिवाळीनंतर निघायचं ठरवलंय, दरवाजे टाकून पाणी अडवलेलं असेल. सारंगखेड्याला कोणाच्या ओळखीची ट्रॉली आहे का?

रावेरचा_केळीवाला :
व्यनि (खाजगी निरोप) केलाय. दत्तजयंतीच्या आधी उरका मात्र, घोडेबाजार भरला की तिथे ट्रॉली तर सोडा, सायकल काढायला जागा राहत नाही.